डार्क सोल्स रिमास्टर्ड: एका मोडक्या हातासाठी घ्यावा असा गेम

आधीच सांगतो, हा पूर्ण गेमचा रिव्ह्यू नाहीये, ते यूट्यूबवर ढीगभर पडलेत. मला यातल्या एका बॉसबद्दल, म्हणजे टप्प्याच्या शेवटी लढावं लागणाऱ्या मोठ्या शत्रूबद्दल बोलायचंय, नाइट आर्टोरियस, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की बाकी गेम तुम्हाला अर्धा जरी पटला तरी या एका लढाईसाठी तो घ्यायला हरकत नाही. स्पॉयलर भरपूर आहेत, गेम जुना आहे, आता काय लपवायचं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ डार्क सोल्स २०११ चा, फ्रॉमसॉफ्टवेअरचा, डायरेक्टर हिदेताका मियाझाकी. २०१२ मध्ये त्याला आर्टोरियस ऑफ द अ‍ॅबिस नावाची जोड आली, पीसीवाल्यांना ती ऑगस्टमध्ये प्रिपेअर टू डाय एडिशनमधूनच मिळाली आणि कन्सोलवाल्यांना ऑक्टोबरमध्ये डीएलसी म्हणून. मग २०१८ ला रिमास्टर्ड आला, त्यात ही डीएलसी आधीपासूनच आहे, वेगळे पैसे नाहीत. आता घ्यायचा तर हाच.

तर आर्टोरियस कोण. ग्विन नावाचा देवांचा राजा, त्याचे चार खास सरदार, ऑर्नस्टीन, गॉफ, किअरन आणि हा. मेन गेममध्ये हा कधीच मेलेला आहे, आपल्याला फक्त त्याचं नाव ऐकू येत राहतं. अ‍ॅबिस म्हणजे त्या जगातला काळोख, नुसता अंधार नाही, माणसाला आतून पोखरून वेडा करणारी काळी जादूच म्हणा, तर त्या अ‍ॅबिसमध्ये उतरून परत आलेला एकमेव वीर अशी त्याची ख्याती. त्याच्या नावाची अंगठी घातल्याशिवाय आपल्याला अ‍ॅबिसमध्ये पाय ठेवता येत नाही, ठेवला की मेलोच. जंगलात त्याची प्रचंड कबर आहे, तिच्यात तलवार रोवलेली, आणि ती कबर राखणारा सिफ नावाचा घराएवढा लांडगा. लोहाराकडून वीस हजार सोल्सला (सोल्स म्हणजे शत्रू मारून मिळणारे आत्मे, गेममधला पैसा तोच) एक मोहोर घ्यायची, मग त्या कबरीकडचं दार उघडतं. वीस हजार ऐकून पहिल्यांदा खेळणारा शिव्याच घालतो, त्या टप्प्यावर तेवढ्यात दुसरं बरंच काही येतं.

म्हणजे दंतकथा आपण अख्खा गेमभर ऐकतो आणि मग डीएलसीत काळात मागे जातो, ओलासिल नावाच्या जादूगारांच्या देशात, आणि तिथे हा माणूस जिवंत समोर येतो, आणि तेव्हा कळतं की अरे, हा तर हरलाय.

हरलाय म्हणजे कसा, तर डावा हात मोडून नुसता लोंबतोय. आणि हा माणूस डावखुरा! म्हणजे जी तलवार तो आयुष्यभर डाव्या हाताने चालवत आला ती आता उजव्या हातात आहे आणि ढाल नाहीच. ढाल का नाही ते नंतर कळतं. अंगावरून काळा चिखल गळतोय, निळं फडकं फाटून लक्तरं झालंय, आणि आपण रिंगणात पाय टाकतो तेव्हा त्याने तलवारीवर एक ओलासिलचा बिघडलेला रहिवासी टोचलेला असतो, तो धोंडा भिरकवावा तसा आपल्याकडे फेकतो. मग ओरडतो. एक शब्द बोलत नाही, संवाद नाही, स्वगत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते इतकं लागतं, नाहीतर बाकीच्या फँटसी गेमांत असा सीन आला की मरणारा योद्धा पाच मिनिटं भाषण ठोकतो आणि आपण बटण दाबून स्किप करतो.

आता मुद्द्याची गोष्ट. जखमी हिरो सगळेच दाखवतात, पट्टी बांधायची, थोडं लंगडायचं, आणि फाइट सुरू झाली की ठणठणीत. इथे जखम त्याच्या प्रत्येक हालचालीत आहे. तो तलवार फिरवतो तेव्हा ती खांद्यातून फिरत नाही, अख्खं शरीर तिच्यामागे ओढलं जातं. डावा हात गोल फिरताना मागे झोका खातो. हवेत कोलांटी घेऊन तलवार जमिनीवर आपटतो, एकदा, कधी दोनदा, कधी तीनदा, आणि आपटल्यावर एक क्षण त्याला सावरायला लागतो, आणि तो क्षण म्हणजेच आपला चान्स. गेमप्लेच्या भाषेत ही ओपनिंग, पण बघताना वाटतं की दमलाय बिचारा. ॲनिमेशन करणाऱ्याने एकाच गोष्टीत दोन्ही बसवलंय, खेळाडूला वार करायला जागा आणि बघणाऱ्याला कणव. हे मी इतर गेमात फार कमी बघितलंय, खरंच.

आणि तरीही तो मारतो आपल्याला! धडधाकट असता तर काय केलं असतं हा विचार आल्याशिवाय राहत नाही. लांब पळून एस्टस, म्हणजे जखमा भरणारं औषध, प्यायला जावं तर रिंगणाच्या त्या टोकाहून उडी मारून येतो. ढाल धरून उभं राहावं तर स्टॅमिना दोन फटक्यांत संपतो आणि तिसरा फटका थेट डोक्यात. अंगावरचा काळा चिखल फेकतो तो वेगळाच. सगळ्यात वाईट म्हणजे मध्येच थांबतो, आक्रसतो, आणि अंगातला काळोख गोळा करायला लागतो. तेव्हा जवळ जाऊन धडाधड वार केले तर ते मोडता येतं, नाही मोडलं तर स्फोट होतो आणि मग त्याचा प्रत्येक फटका जास्त लागतो. नवीन खेळाडू तेव्हा घाबरून मागे सरकतात, मीही सरकायचो, पण इथे पुढेच घुसायचं असतं. कथेच्या अंगाने बघितलं तर त्या क्षणी त्याच्यातला उरलासुरला माणूस संपत चाललाय आणि काळोख वर येतोय, आणि तो थोपवायचा एकच उपाय आपल्याकडे आहे, त्याला मारणं. कुणी समजावून सांगत नाही, हाताने खेळता खेळता कळतं.

बिल्डबद्दल, म्हणजे आपलं पात्र कसं घडवायचं याबद्दल, लोक नेहमी विचारतात म्हणून लिहितो. जड चिलखत घालून थुलथुल रोल मारत (रोल म्हणजे वार चुकवायला लोळणं) गेलात तर हाल होतील, हलकं व्हा, जलद रोल येईल इतपतच वजन ठेवा, लॉक ऑन करून नजर त्याच्यावर खिळवा आणि तीन कोलांट्या संपेपर्यंत लोभ धरू नका. पहिल्या कोलांटीनंतर मारायला गेला तो मेला, दुसरी येतेच येते असं समजूनच चाला. बाकी जे आहे ते सरावाने.

आपल्याकडच्या खिंड लढवणाऱ्याच्या गोष्टीत शेवटी तोफांचे आवाज ऐकू येतात, मग तो प्राण सोडतो. इथे तोफा वाजतच नाहीत. आर्टोरियस ज्या मॅनसला थोपवायला निघाला होता तिथपर्यंत तो पोचतच नाही. ओलासिलच्या लोकांनी एका सापाच्या नादी लागून एक फार जुनी कबर उकरली, त्यातल्या आदिमानवाला, म्हणजे याच मॅनसला, छळलं, त्याचा काळोख फुटून वर आला आणि अख्खा देश गिळला, आणि तो निस्तरायला हा एकटा, सोबत एक लांडग्याचं पिल्लू. आपण त्याला मारून पुढे खाली खोल दरीत उतरतो तेव्हा एका खोट्या भिंतीमागे ते पिल्लू सापडतं, सिफ, चहूबाजूंनी काळोखाची भुतं आणि मध्ये प्रकाशाचं कडं, आणि ते कडं कशाचं तर आर्टोरियसच्या ढालीचं. स्वतःची ढाल त्याने पिल्लाला दिली आणि बिनढालीचा पुढे गेला. हे कुठलंही पात्र तोंडाने सांगत नाही. ढाल तिथे पडलेली असते, उचलायची, आयटमचं वर्णन वाचायचं, आणि मग एक जुनं कोडं सुटतं.

मॅनसला शेवटी आपण मारतो, नाव मात्र इतिहासात आर्टोरियसचं होतं. हे मला जाम आवडलं राव. कुणीतरी खोटं बोललं म्हणून नाही, साक्षीदारच कुणी उरला नव्हता, आणि ओलासिलची राजकन्या डस्क, तिला अर्धवट शुद्धीत जे वाटलं तेच पुढे गोष्ट झालं. मॅनसची फाइट स्वतःच बरी आहे, काळ्या जादूचे गोळे पावसासारखे पडतात ते जरा अती होतं, पण त्यावर उतारा गेममध्येच आहे, ओलासिलच्या गावात एका खोट्या भिंतीमागे चांदीचं पदक ठेवलंय, ते योग्य वेळी वापरलं की जादू परतते. पदक न घेता गेलात तर तुमचं तुम्ही बघा. आणि सिफला सोडवलं असेल तर त्या लढाईत त्याला मदतीला बोलावता येतं, बोलवा, नुकसान काही नाही.

किअरनचं एक सांगायचं राहिलं. आर्टोरियस मेल्यावर परत त्या रिंगणात गेलात तर ती तिथे असते, चौघांतली ती एकटी बाई, आणि त्याचा सोल मागते, त्याला नीट निरोप द्यायचा म्हणून. दिला तर तिच्या दोन तलवारी आपल्याला मिळतात, नाही दिला तर त्या सोलची भारी तलवार बनवता येते. व्यवहार बघितला तर दोन्ही बाजूंनी ठीकठाक. मी देतो दरवेळी. फोरमवर लोक तिला मारून दोन्ही घेतात, घ्या बाबा.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर पेड रिव्ह्यू वाटेल. पहिली, या डीएलसीत शिरायचा रस्ता इतका बावळटपणे लपवलाय की गाइड न बघता कुणी स्वतःहून शोधला असेल तर त्याचा सत्कार करायला हवा. तळ्यातला हायड्रा, म्हणजे अनेक तोंडांचा साप, मारायचा, मग तळ्याच्या पलीकडे सोनेरी गोलेम, म्हणजे स्फटिकाचा राक्षस, तो फोडून डस्कला सोडवायचं, मग कितीतरी तासांनी ड्यूक्स आर्काइव्ह्ज नावाच्या ग्रंथालयात एक निळा गोलेम मारून त्याच्याकडून तुटकं पदक घ्यायचं, हे पदक वेगळं बरं का, आणि मग आठवणीने परत त्या तळ्यापाशी जायचं. कसं सुचणार माणसाला? पैसे मोजून घेतलेला भाग लोकांनी न बघताच गेम संपवलाय.

दुसरी, मेन गेमचा शेवटचा चतुर्थांश घाईत उरकलाय. लॉस्ट इझालिथ हा भाग आणि तिथला बॉस बेड ऑफ केऑस याबद्दल चांगलं बोलणारा मला अजून भेटायचाय. रिमास्टरमध्ये ते सुधारायची संधी होती, त्यांनी हात लावला नाही. रिमास्टर म्हणजे फ्रेमरेट साठ (सेकंदाला साठ चित्रं), रिझोल्यूशन जास्त, ऑनलाइनला चारऐवजी सहा जण, आणि थोडीफार डागडुजी, बस. जुनं पीसी व्हर्जन तीस फ्रेम्सवर बांधलेलं होतं आणि चाहत्यांनी बनवलेल्या मॉडशिवाय, म्हणजे जोड-दुरुस्तीशिवाय, धड दिसायचंच नाही, त्या मानाने हे स्वर्ग. पण नव्या गेमांचे ग्राफिक्स डोळ्यासमोर ठेवून घेतलात तर नाराज व्हाल. पीसीचे ऑनलाइन सर्व्हर २०२२ च्या जानेवारीत सिक्युरिटीच्या भोकामुळे बंद केले होते, रिमास्टर्डचे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत आले, जुन्या एडिशनचे आलेच नाहीत, म्हणून कुणी जुन्या एडिशनचा कोड स्वस्तात विकत असेल तर भुलू नका.

एक सल्ला मात्र मनापासून. सिफची लढाई लवकर उरकायची घाई करू नका. लोक त्याला गेमच्या पहिल्या अर्ध्यातच मारून टाकतात कारण दार उघडलं की समोर दिसतो. थांबा. आधी डीएलसी करा, दरीतल्या पिल्लाला सोडवा, आणि मग वर्तमानात त्या कबरीपाशी जा. सुरुवातीचा सीनच बदलतो. तो हुंगतो आपल्याला, ओळखतो, आणि तरी तलवार तोंडात धरतो, कारण त्याला कळतं की आपण अंगठीसाठी आलोय आणि मालक गेला त्या वाटेने आपल्याला जाऊ द्यायचं नाही असं त्याच्या मनात असणार, हा माझा अंदाज हं, गेम काही बोलत नाही. रक्त कमी झालं की लंगडायला लागतो, वार करतो आणि स्वतःच तोल जाऊन पडतो. तेव्हा कंट्रोलर खाली ठेवावासा वाटतो पण ठेवता येत नाही, फोर किंग्ज या बॉसशी काळोखात लढायचं तर अंगठी लागतेच. मालकाची फाइट अवघड म्हणून हात दुखतात, याची सोपी असून मारवत नाही.

कुणी घ्यावा? ज्याला दर पाच मिनिटांनी काहीतरी बक्षीस हवं त्याने नको. ज्याला गोष्ट शोधून काढायला आवडते, आयटमची वर्णनं वाचायला आवडतात, मरून मरून शिकायची तयारी आहे, त्याने डोळे झाकून. पीसीवर घेत असाल तर कंट्रोलर हवाच, कीबोर्ड माउसवर कोलांट्या चुकवायचा हट्ट कुणी धरू नये. स्विचवर तीसच फ्रेम्स आहेत पण प्रवासात खेळता येतो, ज्याची त्याची गरज. किंमत पूर्ण देऊ नका, सेल लागतो अधूनमधून, विशलिस्टला टाकून ठेवा. पाचपैकी मेन गेमला साडेतीन, डीएलसीला पाच, तिच्यात शिरायच्या रस्त्याला शून्य.