सात महिने एक्स-मेनचा जाडा खंड वापरल्यानंतर : सॅव्हेज लँडचे ते तीन अंक

हा खंड घेऊन आता सात महिने झाले. एक्स-मेन म्हणजे मार्व्हलचं अमेरिकन कॉमिक, जन्मजात अचाट शक्ती असलेल्या माणसांच्या, म्हणजे म्युटंटच्या टोळीचं. त्याचे ९४ ते १३१ असे सगळे अंक एकाच हार्डकव्हरमध्ये, आठशेच्या वर पानं. घेतल्या घेतल्या लिहिणार होते पण बरं झालं नाही लिहिलं, कारण पहिल्या आठवड्यातलं माझं मत आणि आजचं मत यात खूपच फरक पडलाय, आणि तो पडला ११४, ११५, ११६ या तीन अंकांमुळे.

आधी वापराचं सांगते. पुस्तक जड आहे, म्हणजे झोपून वाचायचा विचारच सोडा, हात भरून येतात. मांडीवर उशी घेऊन पाहिलं, टेबलावर पाहिलं, शेवटी आई पोथीसाठी वापरते तो चौरंग घेतला आणि खाली बसून वाचायला लागले तेव्हा कुठे जमलं. कागद गुळगुळीत, ट्यूबलाइटखाली चमकतो, त्यामुळे मी सकाळच्या उजेडात खिडकीशी बसून वाचते. वरचं कागदी जॅकेट पहिल्याच दिवशी काढून कपाटात ठेवलं, तुम्हीही ठेवा, नाहीतर कडा फाटतात. पावसाळ्यात कपाटात सिलिकाच्या पुड्या टाकल्या होत्या तरी पानं किंचित लहरली, पण शिवण अजून घट्ट आहे.

आता मुद्द्याचं. सॅव्हेज लँड म्हणजे अंटार्क्टिकाच्या बर्फात लपलेलं गरम जंगल, खालून ज्वालामुखीची ऊब, त्यामुळे डायनोसॉर अजून जिवंत. स्टॅन ली आणि जॅक कर्बीनी हे १९६५ मध्ये एक्स-मेनच्या १० व्या अंकात पहिल्यांदा दाखवलं, तिथला राजा म्हणावा असा का-झार आणि त्याचा तलवारीसारख्या दातांचा वाघ झाबू, दोघं त्याच अंकात पहिल्यांदा दिसले. मग १९६९ मध्ये लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार नील ॲडम्स पुन्हा तिकडे गेले, एक्स-मेनचा जुना शत्रू मॅग्नेटो याला घेऊन. हे दोन्ही मी टॅबवर वाचले, या खंडात नाहीत. ॲडम्सची चित्रं आजही बघत राहावीशी वाटतात पण गोष्ट म्हणून मला त्यात अडकायला झालं नाही.

अडकले ते १९७८ च्या अंकांत. लेखक ख्रिस क्लेअरमाँट, चित्रं जॉन बर्नची, शाई टेरी ऑस्टिनची. ऑस्टिनची रेघ इतकी बारीक आहे की झाडाची सालसुद्धा वेगळी कळते. मॅग्नेटोचा अड्डा अंटार्क्टिकात ज्वालामुखीच्या खाली, तिथे मारामारी होते, सगळं कोसळतं, लाव्हा आत शिरतो. टोळीतले जीन ग्रे आणि बीस्ट कसेबसे वर बर्फावर निघतात आणि बाकीचे मेले असं धरून चालतात. बाकीचे इकडे खणत खणत सॅव्हेज लँडमध्ये पोचलेले असतात आणि ते धरून चालतात की जीन आणि बीस्ट मेले. दोन्हीकडे सुतक, आणि दोन्हीकडची माणसं जिवंत!

मी पहिल्यांदा हे सगळं एका रात्रीत वाचून काढलं. डायनोसॉर आले, सॉरॉन आला, गॅरॉक नावाचा दगडी देव आला, मजा आली, पुढे गेले. आणि खरं सांगायचं तर मनात म्हटलं की इतकं काय लोक या अंकांचं कौतुक करतात. चूक माझी होती, मी वाचायची पद्धतच चुकवली होती. हे अंक महिन्याला एक असे यायचे. ११३ वा अंक सप्टेंबर १९७८ चा आणि बीस्टला हे लोक जिवंत सापडतात तो १२५ वा सप्टेंबर १९७९ चा, म्हणजे तेव्हाच्या वाचकाने अख्खं वर्ष हा गैरसमज जवळ बाळगला. मी तो जेवणानंतरच्या तीन तासांत संपवला, मग काय जाणवणार.

दुसऱ्यांदा ठरवलं, रविवारी एकच अंक. आणि तेव्हा ११४ मधलं ते पान दिसलं जे पहिल्या वेळी मी नुसतं उलटलं होतं. टोळीचा नेता आणि जीनचा प्रियकर सायक्लॉप्स पाण्याकाठी आहे, वारा-पाऊस ताब्यात ठेवणारी स्टॉर्म त्याच्याशी जीनबद्दल बोलायला येते, आणि तो कबूल करतो की मला दुःखच होत नाहीये, अफाट शक्ती मिळून ती फिनिक्स झाली तेव्हापासून ती माझी जीन राहिलीच नव्हती. मागे हिरवंगार जंगल, ऊन, सगळं सुंदर, आणि हा माणूस स्वतःलाच घाबरलाय. माझे बाबा गेले तेव्हा माझा दादा तेरा दिवस एकदाही रडला नाही आणि नातेवाईक कुजबुजायचे, मला ते पान बघून तोच आठवला आणि त्या रविवारी मी पुढचं काहीच वाचलं नाही.

जंगलातला व्हिलन सॉरॉन हाही तसाच आहे. मुळात तो डॉक्टर कार्ल लायकोस, दुसऱ्याची जीवनशक्ती ओढून घेतल्याशिवाय जगू शकत नाही, आणि म्युटंटची शक्ती ओढली की पंखवाला सरडा होतो. इथे तो माणसांपासून लांब राहतोय, सावरत आलाय, आणि नेमकी स्टॉर्म त्याच्या हाती लागते. वाईट वाटतं त्याचं.

मग ११५ मध्ये त्या उष्ण जंगलात बर्फ पडायला लागतो. गॅरॉकच्या नगरीसाठी जमिनीतली ऊब ओढून घेतली जातेय म्हणून हवामान बिघडलंय. हिरव्या पानांवर पांढरे ठिपके, बस्स एवढंच चित्र, पण अंगावर काटा आला. मी नागपूरची, कामठी इथून जवळ, आणि कामठीच्या खडकांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे सापडतात. तेच झाड अंटार्क्टिकातही होतं. रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे सोबती १९१२ मध्ये ध्रुवावरून परतताना वारले तेव्हा त्यांच्यासोबत सोळा किलोच्या आसपास दगड सापडले, त्यात याच झाडाचे ठसे होते. एके काळी आपली जमीन आणि ती जमीन गोंडवनात जोडलेली होती. म्हणजे अंटार्क्टिकातलं जंगल ही नुसती कल्पना नाही, ते होतं आणि संपलं, त्यामुळे तो बर्फ मला जास्तच लागला.

११६ मध्ये दोन गोष्टी. टोळीतला पंजेवाला वुल्व्हरिन एका पहारेकऱ्याला ठार मारतो, आणि मारताना दाखवलेलं नाही, सोबत्यांचे चेहरे दाखवलेत फक्त. आणि शेवटी स्टॉर्म पडणाऱ्या गॅरॉकला वाचवायला खोल विवरात झेपावते, भिंती जवळ येत जातात, आणि तिची बंद जागेची भीती उफाळते, हात पोचत नाही. इथे या जाड्या खंडाचा खरा फायदा कळला. तिथल्या तिथे मागे जाऊन १०२ वा अंक काढला, कैरोत लहानपणी आईच्या मृतदेहाशेजारी ढिगाऱ्यात अडकलेली ती मुलगी पुन्हा बघितली आणि मग विवराचं पान परत वाचलं. सुटे अंक असते तर मी उठून शोधायला गेले नसते.

खटकलं तेही सांगते. गॅरॉक आणि त्याची पुजारीण झालाडेन फार घाईत उरकलेत, तीन अंकांत दोन मोठे व्हिलन जास्त होतात. का-झार शेवटाकडे नुसता वाट दाखवणारा उरतो. आणि तिथल्या टोळ्यांची माणसं फक्त भाले घेऊन धावतात, त्यांच्यातल्या एकाचंही नाव लक्षात राहत नाही, हे मला खरंच कमी वाटलं.

घ्यावं का? हो, पण दिवसाला एकच अंक असा नियम लावा, एका बैठकीत संपवू नका. लहान मुलांना द्यायचं तर ११६ सोबत बसून वाचा. माझा भाचा अकरा वर्षांचा, त्याने वुल्व्हरिनच्या त्या पानावर थांबून विचारलं, "मावशी, त्याने खरंच मारलं का गं?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ तो त्या सोबत्यांपैकी नाइटक्रॉलरच्या चेहऱ्याकडे बघत बसला. आता तो रविवारी येतो, १२१ पर्यंत पोचलाय, कॅनडात मारामारी चालू आहे आणि त्याला तिचं काही पडलेलं नाही. तो दर वेळी एकच विचारतो, जीनला कधी कळणार की हे जिवंत आहेत. मी सांगितलेलं नाही. पुढची पानं क्लिपने बंद करून ठेवलीत.