मॅच एअर रायफलचा सिलिंडर: जुन्या रायफलीतून काढलेला की नवा?

आमच्या इंदूरजवळ महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट, म्हणजे लष्कराचं नेमबाजी केंद्र आहे, त्यामुळे पोरांना नेमबाजीचं वेड लवकर लागतं. मुलीसाठी स्पर्धेची जुनी एअर रायफल घेतली, तर तिचा सिलिंडर, म्हणजे छरा उडवणारी दाबलेली हवा भरायची नळी, मुदतीबाहेरचा निघाला.

मोडीत निघालेल्या तशाच रायफलीचा सिलिंडर स्वस्तात मिळत होता. आटे जुळतात, ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) बदलली की गळतीही थांबते. पण खरी भीती आतली. भरलेल्या सिलिंडरात 200 बार, म्हणजे मोटारीच्या टायरच्या नव्वदपट दाब! ओलाव्यानं आतून धातू खाल्ला गेला असेल तर बाहेरून पत्ता लागत नाही, रंग चकचकीतच दिसतो. म्हणून आधी सिलिंडरवर कोरलेला बनावटीचा महिना आणि साल बघा. मी भिंग लावून पाहिलं, आकडे घासून काढलेले. तिथंच तो खाली ठेवला.

नवा महाग, शिवाय वाट बघायला लावतो. नेमात फरक नाही, कारण छऱ्यामागचा दाब रायफलीतला रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) सांभाळतो. पण उत्पादक सहसा 10 वर्षांची मुदत देतात, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती पाळायची जबाबदारी नेमबाजाचीच. शिवाय सिलिंडर पोरीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो हो! मी नवाच मागवला.