चष्म्याच्या काचेवर शिक्का असतो, तो बघून पैसे द्या

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, सोनारकाम करतोय त्याला सत्तावीस वर्षं झाली. कुणी डाग, म्हणजे दागिना, हातात दिला की आधी शिक्का बघायचा, मग बोलायचं, ही अंगवळणी पडलेली गोष्ट. १ एप्रिल २०२३ पासून तर दुकानात हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, लागतोच. आणि तरीही मी ९,८०० रुपयांचा चष्मा शिक्का न बघता घेतला, कारण काही चष्म्यांच्या काचेवरही शिक्का असतो हे मला माहीत नव्हतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना नसेल, म्हणून सगळं लिहितोय.

चाळिशी लागून पाच-सहा वर्षं झाली होती. साज म्हणजे गळ्यातला कोल्हापुरी दागिना; त्याच्या पानाची, म्हणजे छोट्या पदकाची, कडी झाळताना (ज्योतीनं जोडताना) दोन कड्या दिसायला लागल्या, तेव्हा डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नीट तपासून कागद दिला: उजवा +०.५०, डावा +०.७५, ॲड +१.७५. ॲड म्हणजे जवळचं बघायला लांबच्या नंबरात घालायचा जादा नंबर. कागदात काही खोट नव्हती. खोट पुढं झाली.

चष्म्याचं दुकान मोठं, काचेचं, गर्दीचं. मालकानं हात धरून बसवलं. "मालक, तुमचं काम बारीक. बायफोकलची रेघ कशाला? प्रोग्रेसिव्ह घ्या, लांबचं-जवळचं एकाच काचेत, मधे रेघ नाही. जर्मन कंपनीची, १.६७, एकदम पातळ. वर चकाकी मारणारा अँटिग्लेअर लेप आणि निळा उजेड अडवणारं ब्लूकट." मग निळ्या लेझरचा पेन काढला. साध्या काचेतून ठिपका कागदावर पडला, त्यांच्या काचेतून पडला नाही. मी खूश. फ्रेम निवडली, तोंडाला लावली, पाच मिनिटांत पैसे भरून बाहेर.

त्या पाच मिनिटांत काय झालं नाही, ते आता कळतंय. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर कुणी मोजलं नाही. फ्रेम नाकावर बसल्यावर बाहुली काचेत किती उंचीवर येते, त्याची खूण केली नाही. मी पान डोळ्यांपासून किती लांब धरून काम करतो, हे विचारलं नाही.

चष्मा आला आणि त्रास सुरू झाला. जिना उतरताना पायरी जागेवर नाही असं वाटायचं. जवळचं बघायला हनुवटी इतकी वर करावी लागायची की संध्याकाळपर्यंत मान धरायची. दुकानदार म्हणाला, "सवय होईल, पंधरा दिवस द्या." पंधराचे साठ झाले. एका दुपारी साजातलं माशाच्या आकाराचं पान झाळत होतो. ज्योत कडीवर आहे असं दिसत होतं, प्रत्यक्षात ती पानाच्या शेपटीवर होती. शेपटी वितळून गोळी झाली. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळे गेले की हा धंदा गेला, एवढंच डोक्यात.

शेजारची पोरगी सांगलीला एका नेत्रतज्ज्ञांकडं ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासते. रविवारी ती घरी आली तेव्हा चष्मा तिच्या हातात दिला. तिनं काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि काच ट्यूबलाईटकडं तिरकी धरली. "काका, इथं बघा." वाफ विरता विरता काचेवर केसासारखी बारीक, गोल खूण दिसली. दुसरी तशीच, नाकाच्या बाजूला. प्रोग्रेसिव्ह काचेवर या दोन खुणा एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर कोरलेल्या असतात. कानाकडच्या खुणेखाली ॲड लिहिलेली असते, नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचं चिन्ह. माझ्या काचेवर ॲडच्या जागी १.७५ नव्हतं, २.०० होतं. आणि ज्या जर्मन कंपनीचं नाव सांगून पैसे घेतले, तिचं चिन्ह नव्हतं. दुसरंच काहीतरी होतं.

मग तिनं खुणांवरून स्केचपेननं काचेचा मध्य काढला. माझ्या बाहुल्यांचं अंतर ६८, काचा बसवलेल्या ६३ वर. उंचीलाही चार मिलिमीटर खाली. प्रोग्रेसिव्ह काचेत स्पष्ट दिसण्याची वाट मधून खाली उतरते आणि ती अरुंद असते, दोन्ही कडेला धुरकट. वाटच सरकलेली असली तर सवय कशाची होणार? लांबचा नंबर मात्र बरोबर होता, म्हणून तर मला इतके दिवस कळलं नाही.

अँटिग्लेअरही नव्हतं. त्याची परीक्षा घरी करता येते. काचेत ट्यूबलाईटचं प्रतिबिंब बघा. लेप असेल तर ते फिकट, हिरवट किंवा निळसर दिसतं. माझ्या काचेत पांढरंशुभ्र, आरशासारखं.

लेझरच्या पेनाचं ऐकून तर मला राग आला. तो किरण बहुधा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा, जांभळ्याकडं झुकलेला असतो. मोबाईलच्या पडद्याचा निळा उजेड ४५० च्या आसपास. एक अडला म्हणून दुसरा अडतो असं नाही. शिवाय पडद्यानं डोळे थकतात त्यावर ब्लूकटचा उपयोग दिसत नाही, असं कॉक्रेन या संस्थेच्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या आढाव्यात आलंय, हे तिनंच सांगितलं.

आणि १.६७? हा काचेचा इंडेक्स. आकडा मोठा तसा तोच नंबर पातळ काचेत बसतो. साध्या प्लास्टिक काचेचा १.५०. मायनस सहा-सातवाल्याला त्याचा खरा उपयोग. माझ्यासारख्या अर्ध्या-पाऊण नंबरवाल्याला फरक हातात धरूनही कळणार नाही. मला उलट पॉलिकार्बोनेट सांगायला हवं होतं. बफ मारताना, म्हणजे दागिन्याला पॉलिश करताना, कण उडतात, आणि ती काच सहजासहजी फुटत नाही.

दुकानात परत गेलो. बिलावर लिहिलं होतं: "चष्मा, १ नग." कंपनी नाही, इंडेक्स नाही, लेप नाही. मालक म्हणाला, "मी जर्मन म्हटलोच नाही." तिथंच माझं तोंड बंद झालं. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, फोन केला, तक्रार नोंदवली. शेवटी ३,००० परत मिळाले, बाकीचे गेले.

म्हणून बिलावर कंपनी, इंडेक्स, लेप आणि ॲड लिहूनच घ्या. काचेचं पाकीट मागा, ते तुमचं आहे. प्रोग्रेसिव्ह काचेवर रंगाच्या खुणा छापून येतात. त्या पुसायच्या आधी चष्मा लावून आरशात बघा, त्यातली अधिक-चिन्हासारखी (+) खूण बरोबर बाहुलीवर आली पाहिजे. दुकानदार "पुसूनच देतो" म्हणाला तरी थांबवा.

नवा चष्मा करताना पोरीनं मला पाटावर बसवलं, हातात चिमटा आणि पान दिलं आणि डोळ्यापासून पानापर्यंत दोरा धरला. बत्तीस सेंटिमीटर भरला. "काका, दिवसभर या एकाच अंतरावर बसणाऱ्याला जवळचाच साधा चष्मा पुरतो." त्या अंतराला बेतलेला, पॉलिकार्बोनेटचा, एकाच नंबरचा चष्मा करून घेतला. १,४०० रुपये. काल त्याच माशाची कडी झाळली.