सुई बदलायला गेलो आणि बेसी स्मिथ घेऊन आलो

आधी तक्रार उरकून घेतो. सोलापुरात नवी पेठेतल्या एका बोळात हे रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान आहे, पाटी वगैरे काय नाय, बाहेर फुटका स्पीकर टांगलेला दिसला की समजायचं आलं. मी रेकॉर्ड प्लेअर सुई आणि बेल्ट बदलायला टाकला, काका म्हणाले परवा या, ते परवा २१ दिवसांनी उगवलं. तीन चकरा, त्यातली एक गड्डा यात्रेच्या गर्दीत. फोन उचलत नाहीत. सुईचे ९००, बेल्टचे ३००, मजुरी २००, पावती मागितली तर वहीचं पान फाडून दिलं.

पण तिसऱ्या चकरेला काका कडक भाकरी आणि शेंगा चटणी खात बसलेले, म्हणाले बस की, तोवर ऐक काहीतरी, आणि खोक्यातनं बेसी स्मिथ या अमेरिकन ब्लूज गायिकेच्या जुन्या गाण्यांचा एक एलपी, म्हणजे मोठी तबकडी, काढून लावला. त्यात सेंट लुईस ब्लूज हे गाणं. मोबाईलवर कितीदा ऐकलंय, मागं काहीतरी घुमतंय एवढंच कळायचं, मला वाटायचं रेकॉर्डिंग जुनं म्हणून तसं येतंय. काकांच्या लाकडी स्पीकरवर ते सुरू झालं आणि शेजारचे पेटी दुरुस्त करणारे अण्णा हातातलं काम टाकून दारात, "कोण वाजवलालाय बे पेटी?"

खरंच पेटी आहे! १४ जानेवारी १९२५, न्यूयॉर्क, खोलीत वाजवणारे दोनच, कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखं फुंकायचं वाद्य) २३ वर्षांचा जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग आणि हार्मोनियमवर फ्रेड लाँगशॉ. ड्रम नाही, काही नाही. अण्णांनी अर्धा मिनिट कान देऊन निकाल दिला, "पायपेटी हाय ही. दोन्ही हात वर चाललेत, मग भाता कोण मारणार?" म्हणजे आपल्या संगीत नाटकात ऑर्गन वाजायचा त्याच्या जवळचंच की हे. फक्त इथं पेटी गाण्याच्या मागं पळत नाही, सूर धरून बसून राहते, आणि बाईंची ओळ संपली की मधली जागा आर्मस्ट्राँग भरतो, म्हणजे आपल्याकडं पेटीवाला करतो ते काम तिथं कॉर्नेटवाला करतोय. बरं माइक पण नाही, भोंग्याच्या तोंडाशी उभं राहून गायचं, विजेवरचं रेकॉर्डिंग कोलंबिया या तिच्या रेकॉर्ड कंपनीकडं त्याच वर्षी पण नंतर आलं. तरी आवाज असा येतो की बोळातला स्कूटरवाला थांबून बघत होता.

गाणं मूळ डब्ल्यू. सी. हँडीचं, १९१४ ला मेम्फिसमध्ये छापलेलं. त्याआधीचं मेम्फिस ब्लूज त्यानं किरकोळ पैशात विकून टाकलेलं आणि ते गाजल्यावर हात चोळत बसला, म्हणून हे स्वतःच्या भागीदारीतल्या कंपनीतनं काढलं. तरुणपणी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात उपाशी, बेघर फिरताना एक बाई रस्त्यात नवऱ्याच्या नावानं रडताना त्यानं ऐकली, त्याचं काळीज समुद्रात टाकलेल्या दगडासारखं आहे म्हणत होती, तेच गाण्यात आलं. मधे टँगो नाचाचा ठेका घातला कारण तेव्हा टँगोचं वेड होतं, बेसीच्या संथ चालीत तो फारसा जाणवत नाही आणि मला तरी तेच आवडतं.

पुढं या गाण्यानं काय काय केलं बघा, १९२९ ला याच नावाची छोटी फिल्म निघाली, बेसी पडद्यावर दिसते ती फक्त त्यातच. आर्मस्ट्राँगनं १९५४ ला हँडीच्या गाण्यांचा अख्खा एलपी केला. १९६७ पासून सेंट लुईसची आइस हॉकीची टीमच ब्लूज नावानं खेळतीये. हँडीला या गाण्याची रॉयल्टी जन्मभर पुरली. बेसीला मात्र रॉयल्टी नाही, गाण्यामागं ठरलेले पैसे घ्या आणि सुटा, आपल्याकडं विडी वळणाऱ्या बायकांना हजार विड्यांमागं मजुरी मिळते तसलाच हिशोब. १९३७ ला गाडीच्या अपघातात गेली आणि १९७० पर्यंत कबरीवर नावाचा दगड पण नव्हता. हे काकांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, सुई उचलून परत त्याच गाण्यावर ठेवली.

एलपी १४०० ला घेतला, घासाघीस केली नाही. घरी आल्यावर कळलं दुसऱ्या बाजूला ओरखडा आहे आणि सुई उडते, नेऊन दाखवलं तर काकांनी न बोलता २०० परत दिले. विकत घ्यायच्या आधी पूर्ण ऐकू देतात, त्यामुळं चूक माझीच, दोन्ही बाजू ऐकून घ्या.

पाचपैकी चार. एक स्टार त्या परवाचा कापला. दुपारी एक ते चार शटर अर्धं खाली असतं, काका आत झोपलेले असतात, उठवू नका. यूपीआय चालत नाही, पण अण्णांकडं चालतं, ते रोख काढून देतात.