रस्त्यावरची पेटी की स्वच्छतागृहातली फळी?

वस्तीत पाळीसाठी मोफत पॅड ठेवायचे ठरले की पहिला वाद जागेवरून होतो. पैसे, देणगीदार, कोणत्या कंपनीचे घ्यायचे, हे सगळं पुढेमागे जमतं. जागा मात्र एकदा ठरली की पुढची सगळी कामं तीच ठरवते. आम्ही दोन्ही चालवून पाहिलं: भिंतीला ठोकलेली, रात्रंदिवस उघडी पेटी आणि वाचनालयाच्या स्वच्छतागृहातली साधी फळी.

पेटीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पाळी घड्याळ बघून येत नाही, आणि पेटीला कुलूपच नसतं. भिंतीच्या मालकाने हो म्हटलं की झालं, अर्ज-बैठकांची भानगड नाही. समोर दिसते म्हणून देणारेही वाढतात, येता-जाता एखादं पाकीट टाकून जातात. पण दिसते म्हणूनच घेणाऱ्या अडखळतात. भर दिवसा रस्त्यात थांबून पॅड निवडणं अनेकींना जमत नाही. त्यातून पेटी भरायला मी, म्हणजे एक पुरुष, उभा असलो की पेटीकडे वळलेली मुलगी सरळ पुढे निघून जायची. माझ्या पाहण्यात पेटी रिकामी व्हायची ती बहुतेक अंधार पडल्यावर. सगळीकडे असंच होत असेल असं नाही.

एवढ्यावरून मी पेटी सोडली नसती. सोडायला लावली ती दमट हवेने.

असल्या पेट्यांची मूळ कल्पना पुस्तकांची. 2009 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये घरासमोर पुस्तकांची छोटी पेटी उभी राहिली. 2016 मध्ये आर्कान्सामध्ये तोच साचा वापरून अन्नाची आणि घरगुती गरजेच्या वस्तूंची पेटी आली. पुस्तक थोडं फुगलं तरी वाचता येतं, डबाबंद अन्नाला हवेचं काही वाटत नाही. पॅडचं तसं नाही. त्याच्या आत लाकडाचा लगदा आणि ओल शोषून घेणारे दाणे असतात. ओल धरणं हेच त्याचं काम, आणि ओल पावसाची की हवेतली, हे त्याला कळत नाही. शिवाय एकेका पॅडचं वेष्टण हवाबंद नसतं. घडी घालून चिकटपट्टी लावलेली असते, तेवढंच.

पाऊस थेट आत आला तर निदान दिसतं तरी. दमट हवेने काय केलं ते बाहेरून दिसत नाही. पाकीट कोरडं, रंग जशाचा तसा, आणि उघडल्यावर पॅड जड, मऊ पडलेला. उन्हाचे दिवस असले तर उलट त्रास: मागचा गोंद सैल होऊन कागदालाच चिकटून येतो. मग प्रत्येक भरणीच्या वेळी एकेक पॅड दाबून बघायचा, शंका आली की बाजूला काढायचा. झिपच्या पिशव्या आणल्या. त्यात दोन-दोन पॅड भरत बसणं हे आणखी एक काम झालं, आणि लोक पिशवी उघडून एक घेत, उरलेला तसाच उघडा ठेवत. त्यातही त्यांची चूक काय? गरज एकाचीच होती. मला खुपायचं ते वेगळंच. जी बाई रात्री नाइलाजाने तिथे येते, तिच्या हाती नेमका खराब पॅड पडला, तर तक्रार करायला ती परत येणार नाही. आपल्याला ते कधी कळणारसुद्धा नाही.

फळीवर हा प्रश्नच नव्हता. आडोसा आहे, कडी आतून लागते, हात धुवायला पाणी आहे, वापरलेला पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे. पेटीजवळ यातलं काहीच नसतं.

फळीची डोकेदुखी म्हणजे माणसं. ‘सगळं एकदम उचलून नेतात’ म्हणून कुणीतरी पाकिटं टेबलामागच्या कपाटात ठेवतं आणि मागेल तिला देतं. मग वही येते, वहीत नाव येतं, आणि मागायला येणाऱ्या कमी होतात. हे पहिल्याच बोलणीत स्पष्ट करून घ्या. एका पाळीला पंधरा-वीस पॅड सहज लागतात आणि घरात दोन-तीन बायका असतात. एखादीने अख्खं पाकीट नेलं तर तो हिशेब जुळतो.

स्कॉटलंडमध्ये याबाबतचा कायदाच आहे. 15 ऑगस्ट 2022 पासून तिथल्या स्थानिक प्रशासनाला, ज्या कुणाला गरज आहे त्यांना पाळीची साधनं मोफत मिळतील अशी सोय करावी लागते. त्यातल्या अटी कुठल्याही वस्तीला लावून बघण्यासारख्या आहेत: सहज मिळावं, घेणाऱ्याचा मान राखला जावा, निवडायला एकाहून अधिक प्रकार असावेत. पहिल्या अटीत पेटी पुढे आहे, कारण ती रात्रीही उघडी असते. उरलेल्या दोन्हींत मला फळी सरस वाटते. तिथे आकार आणि जाडीप्रमाणे पॅड वेगळे लावता येतात, वेष्टण शाबूत राहील या भरवशावर टॅम्पॉनही, म्हणजे योनीत घालायचे शोषक बोळे, ठेवता येतात. (टॅम्पॉन आठ तासांहून जास्त शरीरात ठेवू नये, ही सूचना शेजारी चिकटवाच.) पाळीचा कप, म्हणजे योनीत बसवून रक्त गोळा करणारा, धुऊन परत वापरायचा कप, मी दोन्हीकडे टाळतो, त्याला मापाची निवड आणि उकळतं पाणी लागतं, तो माहिती देऊन हातात दिलेला बरा. फळी फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात नको, अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहातही हवी, आणि बसून हात पोचेल एवढ्याच उंचीवर.

तुमच्याकडची हवा कोरडी असेल तर कदाचित तुमचं मत वेगळं पडेल. जवळपास उशिरापर्यंत उघडं असलेलं एकही स्वच्छतागृह नसेल, तर पेटीच करा. मात्र ती छपराखाली, सावलीत, जमिनीपासून वर लावा. साठा दोन दिवस पुरेल इतकाच ठेवा, मोठा गठ्ठा घरात कोरडा राहू द्या, आणि भरायचं काम शक्यतो एखाद्या बाईकडे सोपवा.