लिनक्सवर डिजिटल आवाज: ऑप्टिकल की एचडीएमआय?

डेस्कटॉपमधून अ‍ॅम्प्लिफायरला डिजिटल आवाज न्यायचा तर सहसा दोन वाटा: ऑप्टिकल एसपीडीआयएफ (प्रकाशाच्या केबलने आवाज नेणारी जोडणी) किंवा एचडीएमआय (टीव्हीला चित्र आणि आवाज एकत्र नेणारी केबल). आवाज गायब झाला की ऑप्टिकलचा दोष शोधणं मला कितीतरी सोपं वाटतं. केबलचं अ‍ॅम्प्लिफायरकडचं टोक काढून बघा. लाल उजेड दिसला तर पोर्ट चालू आहे. उजेड आहे पण आवाज नाही? टर्मिनलमध्ये आल्सामिक्सर (आवाजाच्या पातळ्या बदलायचा प्रोग्राम) उघडा, एफ६ दाबून साउंड कार्ड निवडा. एसपीडीआयएफच्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसलं, तर एम दाबा, म्यूट निघेल. पुष्कळदा घोडं इथेच अडलेलं असतं.

एचडीएमआयची तऱ्हा वेगळी. एकाच ग्राफिक्स कार्डाची तीन-चार आउटपुट यादीत दिसतात आणि आवाज भलतीकडेच जात असतो. पल्सऑडिओ या लिनक्सच्या आवाज सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये कॉन्फिगरेशन टॅबवर एकेक प्रोफाइल बदलून पाहावं लागतं. शिवाय पलीकडचा टीव्ही बंद असेल तर ते आउटपुट जोडलेलंच नाही असं दिसू शकतं.

मात्र ८ चॅनेलचा पीसीएम (न आकसलेला डिजिटल) आवाज या दोघांत एचडीएमआयच नेतं. ऑप्टिकलवर पीसीएम २ चॅनेलपुरताच, ५.१ (सहा चॅनेलचा सराउंड आवाज) हवं तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या स्वरूपात आकसून पाठवावं लागतं. नुसती गाणी ऐकायची असतील तर मी डोळे झाकून ऑप्टिकल घेईन. मध्ये तांब्याची तार नसल्याने त्या वाटेने अर्थिंगची घरघरही शिरत नाही.