खोडदचं विज्ञान प्रदर्शन: टोपी घ्या, डबा घ्या, सकाळीच जा

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी मोठी दुर्बीण बघायला सोडतात आणि तिथेच शाळा-कॉलेजच्या पोरांचं विज्ञान प्रदर्शन भरतं, एंट्री फ्री. बरीच वर्षं नुसतं जाऊ जाऊ चाललं होतं, यंदा दोन्ही पोरांना (वय १० आणि ६) घेऊन गेलोच. पुण्यापासून साधारण ८० किमी. साडेसहाला निघूनही चाकणला अडकलो, ते काय कुणाला चुकलंय.

आत वळलं की शेतं, द्राक्षाचे मांडव, आणि त्याच्यामागे एकदम ती डिश! ४५ मीटर व्यास, म्हणजे पंधरा मजली बिल्डिंग आडवी ठेवल्यासारखं. अशा ३० आहेत, १४ इथे जवळजवळ आणि बाकीच्या १६ तीन दिशांना गावागावांत पसरलेल्या, पार २५ किमीपर्यंत, आणि सगळ्या मिळून एकच दुर्बीण. धाकटीने वर बघितलं आणि म्हणाली, आई ही तर फाटकी आहे, आरपार आकाश दिसतंय. मला काय उत्तर द्यावं कळेना, पण शेजारच्या स्टॉलवरची नववीतली मुलगी लगेच म्हणाली, "चाळणीतून रवा खाली पडतो, बटाटा पडतो का? या रेडिओ लहरी बटाट्यासारख्या मोठ्या असतात, भोकं बारीक, म्हणून त्या अडकतात, वारा मात्र निघून जातो." म्हणून तर तारांची नुसती जाळी ताणून एवढी मोठी डिश कमी खर्चात उभी राहिली, ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची आयडिया. एवढं सोपं करून मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर!

प्रदर्शनात सगळंच भारी असं नाही हां. ज्वालामुखी चार ठिकाणी, ठिबक सिंचनाची मॉडेल्स तर मोजायची सोडून दिली. पण जिथे हात लावू देतात तिथे पोरं हलतच नाहीत. मोठा चिकटला सिरिंजच्या जेसीबीला: दोन सिरिंज, मध्ये सलाईनची नळी, आत लाल पाणी, एक दांडा दाबला की दुसरीकडचा हात उचलतो. ज्याने बनवलं तो सातवीतला पोरगा याला सांगत होता, "आधी हवा काढ दादा, बुडबुडा राहिला की हात थरथरतो," आणि आमचा नळी वर धरून टिचक्या मारत बसला. याउलट एका शाळेच्या बाई मुलांना रांगेत पळवत, तक्ते वहीत उतरवून घ्यायला लावत होत्या, कशालाही हात नाही लावायचा. बिचारी पोरं.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. दुर्बीण आकाशातून येणारे अगदी क्षीण रेडिओ सिग्नल ऐकते, त्यात मोबाईलची गडबड नको म्हणून फोन बंद ठेवायचा असतो. आम्ही भेटायची जागा काही ठरवली नाही, नवरा मोठ्याला घेऊन एकीकडे, मी धाकटीला घेऊन दुसरीकडे, आणि पाऊण तास शोधाशोध. शेवटी दोघं सापडले कुठे? जेसीबीपाशीच, आणि नवराच दांडा दाबत होता.

ऊन जबरी असतं, अकरानंतर गर्दी पण वाढते. येताना हायवेच्या एका हॉटेलात मिसळ खाल्ली, नाव नाही सांगत, नुसती तर्री आणि बिल. घरचा डबा न्यायला पाहिजे होता.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या चार ज्वालामुखींचा कापला.

दुसऱ्या दिवशी मोठा मेडिकलमध्ये जाऊन सहा सिरिंज मागत होता, मेडिकलवाल्या काकांनी मला फोन केला, वहिनी, घरात कोणाला बरं नाही का?